उत्तर: पुण्याची यादी कुणासाठी आहे?

प्रेषक: सभासद (माहेर कर्वेनगर)

जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या सर्वांना नमस्कार,

आई गेल्यावर तुम्ही सगळ्यांनी इतकं केलंत, त्याबद्दल आधी लिहायला हवं होतं. आज मात्र दुसऱ्याच कारणाने लिहितेय.

काल नववा दिवस. सकाळी अकराच्या सुमारास बाबांकडे दोन बायका आल्या. साध्या सुती साड्या, एकीच्या हातात स्टीलचा डबा. बाबांना वाटलं, आईच्या भिशीतल्या असतील. त्यांनी बसवलं, पाणी दिलं. "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करायला आलोय," असं त्या म्हणाल्या. बाबांनी करू दिली. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. जाताना त्या एक ख्रिस्ती पुस्तिका आणि डबा ठेवून गेल्या. डब्यात शेंगदाण्याचे लाडू. सुतकात गोड कोण खाणार? डबा तसाच ओट्यावर आहे.

रात्री फोनवर बाबा म्हणाले, "बायका बऱ्या होत्या गं. पण त्यांना हिचं नाव कसं माहीत? तुझंही माहीत होतं."

मग माझ्या लक्षात आलं. आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आपल्याच एका सभासदाचा मेसेज आला होता, "पुण्यात माझ्या ओळखीच्या भगिनी आहेत, बाबांना भेटून येतील." मी 'थँक यू' लिहिलं. मला वाटलं, डबा-बिबा पोचवणार असतील. पत्ता मी दिलेला नव्हता. बाबांचा पत्ता, फोन आणि आईचं नाव असं तिन्ही एकत्र एकाच ठिकाणी आहे. २०२० साली आपण केलेल्या पुण्याच्या, म्हणजे तिथल्या आपल्या घरच्यांच्या, यादीत.

ती यादी कुणाकुणाकडे आहे, एवढंच मला कळायला हवंय.

प्रेषक: सभासद (यंदाचे क्रीडाप्रमुख)

विचारायचं काय त्यात? सोबत स्क्रीनशॉट जोडलाय, नावासकट. माझी नोकरी गेली तेव्हा याच गृहस्थांनी मलाही असाच मेसेज केला होता: "रविवारी आमच्याकडे या, मन हलकं होईल." तेव्हा मी सोडून दिलं, चूक झाली. माणूस पडलेला दिसला की हे हजर.

आणि कुणी राज्यघटना सांगायला येऊ नका. २५व्या कलमात धर्मप्रचाराचा हक्क आहे, मान्य. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट सांगितलंय की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. यांना मंडळातून काढा. आजच.

प्रेषक: चिटणीस

मंडळी,

आधी एक काम केलंय ते सांगते. वरच्या मेलचा स्क्रीनशॉट मी संग्रहातून काढून टाकला आहे. ज्यांनी तो उतरवून घेतला असेल त्यांनी कृपया पुसून टाकावा. दादा, तुमचा राग समजतो, पण एखाद्याचा धर्म कोणता हे नावासकट दोनशे घरांत पाठवणं हा आपल्या इथल्या कायद्याने वेगळाच गुन्हा होऊ शकतो. युरोपचा डेटा संरक्षणाचा नियम २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात धार्मिक श्रद्धा ही खास जपायची माहिती धरली आहे, आजारपणाच्या माहितीसारखी.

आता यादीबद्दल. तोच नियम सांगतो की माहिती ज्या कामासाठी गोळा केली त्याच कामासाठी वापरायची. पुण्याची यादी लॉकडाऊनमध्ये औषधं आणि किराणा पोचवण्यासाठी केली होती, प्रार्थनेसाठी नाही. कुणाला वाटेल की आपल्या चार ओळींच्या यादीला कसला आलाय कायदा. तर २०१८ च्या जुलैमध्ये युरोपच्या न्यायालयाने फिनलंडमधल्या 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या प्रकरणात निकाल दिला. दारोदार जाणारे प्रचारक वहीत कोण कुठे राहतं, काय मानतं हे टिपून ठेवतात, तर त्या टिपणांनाही हा नियम लागू होतो आणि जबाबदारी त्या पंथाचीही आहे. स्टेशनवर पुस्तकांची ढकलगाडी घेऊन उभे असतात ते लोक आपण सगळ्यांनीच पाहिलेत. तिथे थांबायचं की नाही हे आपण ठरवतो, आणि आपला पत्ता त्यांच्याकडे नसतो.

यादी पाच जणांकडे होती. त्यातले दोघे समिती सोडून गेले, तरी त्यांच्याकडे ती राहिली. ही चूक समितीची, म्हणजे माझीही. यादी आज बंद केली आहे. ताई, तुमची माफी मागते.

ता. क. गेल्या श्रावणात एका सभासदाने याच यादीवरून ऐंशी जणांना पारायणाच्या ग्रुपमध्ये न विचारता घातलं होतं. तेव्हा कुणी मेल लिहिली नाही. मीही नाही.

प्रेषक: सभासद (पारायणवाले)

पारायणाची तुलना याच्याशी?? आम्ही कुणाच्या घरी जाऊन बसलो नाही. ज्याला नको तो बाहेर पडला. सत्तावीस जण पडले, आम्ही काही बोललो का?

प्रेषक: सभासद (माहेर रास्ता पेठ)

मी या गटावर फारशी लिहीत नाही. आज लिहिते.

मी ख्रिस्ती आहे. हे निम्म्या लोकांना माहीत आहे. उरलेल्यांना क्रीडाप्रमुखांच्या मेलनंतर कळलं असावं, कारण दोन तासांत मला तीन खाजगी मेल आल्या. "तुम्हाला याची कल्पना होती का?" मला कशी असणार? त्या गृहस्थांचं चर्च वेगळं, माझं वेगळं. आमच्या घरात मराठी येशू चार पिढ्यांपासून आहे. आजोबा 'ज्ञानोदय' वाचायचे. १८४२ साली नगरला सुरू झालेलं ते मासिक. चौदा वर्षं मंडळाच्या गणपतीचं मखर मी करते. आजवर कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, आणि सगळ्यांचं छान चाललं होतं.

जे झालं ते मला अजिबात पटलेलं नाही. हे मी पळवाट म्हणून लिहीत नाही. आमच्याच मोठ्या संस्थांनी, म्हणजे व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद, जागतिक चर्च परिषद आणि इव्हँजेलिकल मंडळींची जागतिक संघटना या तिघांनी मिळून २०११ साली साक्ष कशी द्यावी, म्हणजे आपली श्रद्धा दुसऱ्याला कशी सांगावी, याचे संकेत लिहून काढले. एरवी या तिघांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. त्यात फसवणूक नको, दबाव नको, माणसाच्या गरजेचा फायदा घेणं नको, हे स्वच्छ लिहिलंय. नवव्या दिवशी एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी जाणं यातल्या कशात बसतं ते तुम्हीच पाहा.

पण एक दुसरं उदाहरण सांगते, आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. कवी ना. वा. टिळक रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, कवितेवर बोलणं झालं, आणि त्याने 'नवा करार' हातात ठेवला. प्रवास संपला. टिळकांनी ते वाचलं, स्वतःशी भांडले, आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला त्यानंतर पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत जाऊन. ती पाच वर्षं त्या घरात काय चाललं असेल याचा विचार मी पुष्कळदा करते. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळं पाळणारी.

दुःखातल्या माणसाला मी काय पाठवते सांगू? पिठलं-भात. प्रार्थना करते ती माझ्या घरी, दार लावून.

प्रेषक: माजी अध्यक्ष (सध्या कोथरूड)

स. न. वि. वि.

मी जर्मनीत अठ्ठावीस वर्षं काढून परत आलो, तरी तुम्ही मला गटातून काढलं नाहीत, तेव्हा माझं लांबलचक लिहिणं सोसा.

ताईचा मेल वाचल्यावर संध्याकाळी कर्वेनगरला जाऊन आलो. बाबा ठीक आहेत. पुस्तिका टीव्हीच्या रिमोटखाली आहे, वाचलेली वाटत नाही. डबा मी पाहिला. झाकणावर आतून नेलपॉलिशने एक खूण केलेली आहे, आपल्या बायका करतात तशी, डबा हरवू नये म्हणून. ती खूण पाहून माझा निम्मा राग गेला हे खरं सांगतो. घरी बसून, दाणे भाजून, कूट करून कुणीतरी ते लाडू वळले होते.

दुसऱ्या दिवशी सहज पंचहौद मिशनकडे गेलो. गुरुवार पेठेत ते पवित्र नाम देवालय अजून तसंच आहे, उंच घंटाघरासकट. बाहेर रिक्षा, समोर सायकलचं दुकान. १८९० साली याच मिशनमध्ये पुण्यातल्या थोरामोठ्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. लोकमान्य टिळक, रानडे, गोखले, सगळे. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. मिशनऱ्यांनी त्यात काही लपवलं नव्हतं. बोलावणं उघड होतं, चहाही उघड होता. ठिणगी पडली ती पुढे. आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली. मग ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, शंकराचार्यांनी नेमलेली चौकशी, प्रायश्चित्तं, कुणाच्या घरी कुणी जेवायचं याचे वाद. वर्ष उलटून गेलं तरी पुणं त्या चहावरून भांडत होतं. क्रीडाप्रमुख, गोपाळरावांच्या हातात आज फोन असता तर त्यांनी तुम्ही केलंत तेच केलं असतं. रागावू नका, तुमच्या वयात मीही यादी छापणाऱ्यांतलाच होतो.

आता दुसरी बाजू. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. विधवा मुलींना शिक्षण मिळावं, धर्माचा आग्रह नको, असा करार. बाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. मुली येऊन बसायला लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे, त्यांच्या बाजूने उभे राहिलेले लोकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही, माझ्या खोलीचं दार मी का लावू?

तरुणपणी मला हे उत्तर चोख वाटायचं. आज तितकं वाटत नाही. रमाबाई खोटं बोलत नव्हत्या, बाई लाखात एक. पण त्या मुली त्यांच्या छपराखाली राहत होत्या, त्यांच्या ताटात जेवत होत्या. उघड्या दारातून आत जाणारी मुलगी खरोखर आपखुशीने जाते की अन्नदात्या बाईला बरं वाटावं म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कर्वेनगरच्या बाबांचं तेच झालं. दारात आलेल्या पाहुण्याला, त्यातून लेकीच्या ओळखीने आलेल्या, ते नाही कसं म्हणणार?

म्हणून मला विचाराल तर कुणी स्टेटसला बायबलचं वचन ठेवलं, अभंग ठेवला, 'श्री स्वामी समर्थ' ठेवलं, तर ते त्याच्या खोलीचं उघडं दार. ज्याला जायचं तो जाईल. वादही जरूर घाला. हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते, लोक ऐकायला जमत होते, कुणाचं काही बिघडलं नाही. पण मंडळाच्या यादीतून नंबर काढून एकेकट्याला गाठायचं असेल, तर पहिल्याच ओळीत आपण कोण आणि कशासाठी ते लिहायचं, आणि एकदा नाही आलं की तो विषय तिथे संपला. पारायणवाल्यांनाही हेच लागू. सत्तावीस जण बाहेर पडले म्हणता, पण उरलेल्यातले किती भिडेखातर राहिले हे तुम्ही विचारलंत का? मी राहिलो होतो. रोज पहाटे चार वाजता फोन वाजायचा.

काढून टाकण्याच्या बाजूने मी नाही. त्यांना लिहू द्या.

प्रेषक: ज्यांचा स्क्रीनशॉट होता ते

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. अध्यक्षकाकांमुळे लिहितो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझी आई पुण्यात गेली. मला जाता आलं नाही. वैकुंठ स्मशानभूमीतला विधी मी फोनवर पाहिला, मध्येच रेंज गेली. त्या आठवड्यात माझ्या दाराशी रोज सूप ठेवून जाणारे लोक चर्चचे होते. तिथून मी तिकडे ओढला गेलो. मंडळातल्या सात जणांनी मला मेसेज केले होते, सगळ्यांचे मी वाचले, पण दाराशी कुणी आलं नव्हतं. हे उट्टं काढायला लिहीत नाही.

ताईंच्या आईची बातमी वाचली तेव्हा मला ते सूप आठवलं. नंबर मी यादीतून घेतला. पत्ता त्या भगिनींना मी दिला. ताईंना मेसेज मुद्दाम मोघम लिहिला, कारण स्पष्ट लिहिलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या हे मला माहीत होतं. हे लिहायला जड जातंय. त्यासाठी बाबांची आणि ताईंची माफी मागतो. यादी पुसली आहे. त्या दोघींनाही पत्ता फाडून टाकायला सांगितलं आहे. त्यांचा दोष नाही, त्यांना वाटलं बोलावणं आहे.

माझ्या श्रद्धेबद्दल माफी मागत नाही.

क्रीडाप्रमुख, रविवारच्या क्रिकेटला मी येणार होतो. यायचं की नाही ते कळवा.

प्रेषक: सभासद (यंदाचे क्रीडाप्रमुख)

या. विकेटकीपर नाहीये.

प्रेषक: सभासद (माहेर कर्वेनगर)

माफी पोचली. राग अजून आहे, जाईल तेव्हा जाईल.

बाबांशी बोलले. त्यांचं वेगळंच चाललंय. तेरावा झाला की तो डबा परत द्यायचा, म्हणतात. पण रिकामा द्यायचा नाही, आणि आईसारखी चकली त्यांना जमत नाही. शेजारच्या काकू करून देतायत. त्या बायका कुठे राहतात हे कुणीतरी फक्त मला कळवा, गटावर नको.