आठवण म्हणजे फोटो नव्हे
'दृष्टी जाण्याआधी पाहिलेलं मनात जसंच्या तसं राहतं, चित्रकाराने ते फक्त उतरवायचं' असं कुणी म्हटलं, ते मला काही पटलं नाही. माझ्या मामाची नजर काचबिंदूने गेली त्याला १२ वर्षं झाली. त्याच्या डोळ्यांसमोर मी अजून आठवीतलाच, आवाज मात्र आजचा. परवा माझ्या दाढीवरून हात फिरवून खो खो हसला!

सोफी काल (Sophie Calle) या फ्रेंच कलावतीने २०१० मध्ये इस्तंबूलला दृष्टी गमावलेल्यांना विचारलं होतं, शेवटचं काय पाहिलंत? मग त्या माणसाचा फोटो, त्याचे शब्द आणि त्या वर्णनावरून तिने टिपलेलं दृश्य असं शेजारी शेजारी मांडलं. पण ते दृश्य कितीही झालं तरी तिचंच. मामाच्या वर्णनावरून असं दृश्य टिपून त्याला दाखवता आलं असतं तर त्यानेही चार चुका काढल्या असत्या.