सल्ला हवा: आयर्लंडमधल्या संघर्षाचा इतिहास समजून घ्यायचाय, कुठून सुरुवात करू?

वाचनवेल

नमस्कार मंडळी. मुलगी डब्लिनला नोकरी करते. मे अखेरीस मी आणि आमचे हे तिच्याकडे जातोय, जुलैच्या मध्यापर्यंत मुक्काम आहे. समुद्रकडे, हिरवी कुरणं ती दाखवणारच आहे. पण तिला रजा मोजकी, त्यामुळे आठवड्यातले बाकीचे दिवस आम्हा दोघांचेच. तो वेळ मला तिथला इतिहास समजून घेण्यात घालवायचा आहे.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. टिळकांच्या होमरूल लीगच्या धड्यात आयर्लंडचं नाव एका ओळीत येतं आणि धडा पुढे सरकतो. बटाट्याचा दुष्काळ, १९१६चं बंड, बेलफास्टचे बॉम्बस्फोट हे तुकडे माहीत आहेत, पण एकातून दुसरं कसं निघालं ते लागत नाही. कुठून सुरुवात करावी? काय चुकवू नये? जाडजूड ग्रंथ आता वाचून होत नाहीत. मूळ कागदपत्रं, साक्षी असं काही असेल तर फार आवडेल. ह्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा चालणं बेताचं. आणि उत्तर आयर्लंडला जावं का? मुलगी नको म्हणते, मला जायचंय.

लिफीकाठ

ताई, मी डब्लिनलाच असतो. इतिहासाआधी व्हिसाचं बघा, कारण गाडी तिथेच अडते. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग. जमिनीवरच्या सीमेवर चौकी नाही, बस थांबतसुद्धा नाही, पण म्हणून व्हिसा लागत नाही असं नाही. भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. तुमच्या व्हिसावर तिची नोंद असेल तर त्याच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं, फक्त ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. अर्ज भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर सध्याचे नियम वाचून घ्या. मुलीचा पासपोर्ट भारतीय असेल तर तिथली रहिवासी असूनही तिला ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. इथल्या बऱ्याच मराठी मंडळींना हे ऐन वेळी कळतं.

आणि किल्मेनम तुरुंग, १९१६च्या नेत्यांना जिथे गोळ्या घातल्या तो. आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात आणि तिकिटं फार लवकर संपतात. तारखा ठरल्या की आधी तेवढं करून टाका.

गलबत

वाचनवेल, बहुतेक जण १९१६पासून सुरुवात करायला सांगतील. मी म्हणेन, तिथे थांबू नका. १९१६ तुम्हाला शहरच सांगेल. कॉनली, पिअर्स, ह्यूस्टन ही डब्लिनची तिन्ही मोठी स्टेशनं त्या बंडानंतर गोळ्या घातलेल्या नेत्यांच्या नावाची आहेत. १९६६ साली, बंडाच्या पन्नाशीला ही नावं दिली. ओकॉनल स्ट्रीटवर ओकॉनलच्या पुतळ्याखाली पंखवाल्या मूर्ती बसल्या आहेत. त्यांच्या अंगावर गोळ्यांची भोकं अजून दिसतात, एकीच्या तर थेट छातीत. जवळ जाऊन बघा. रस्ता ओलांडून चार पावलं गेलं की बंडवाल्यांनी ताब्यात घेतलेलं पोस्ट ऑफिस आहे.

ज्याबद्दल हे शहर तेवढ्या मोकळेपणाने बोलत नाही ते म्हणजे १९२२-२३चं यादवी युद्ध. माझ्या मते आजचं आयर्लंड तिथून उलगडतं.

क्रम असा लावा. २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. बंड जेमतेम आठवडाभर टिकलं. सुमारे ४८५ माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त साधी नागरिक होती. शहराची धूळधाण झाल्यामुळे बरेच डब्लिनकर बंडवाल्यांवरच चिडले होते. मग ३ ते १२ मे दरम्यान ब्रिटिशांनी एकेकाला भिंतीशी उभं करून गोळ्या घालायला सुरुवात केली आणि लोकमत फिरलं. जेम्स कॉनली इतका जखमी होता की त्याला खुर्चीला बांधून मारलं. डिसेंबर १९१८च्या निवडणुकीत शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या, लंडनला न जाता जानेवारी १९१९मध्ये डब्लिनलाच स्वतःची संसद भरवली. तिला डॉल म्हणतात. पुढे अडीच वर्षं गनिमी लढाई, जुलै १९२१ला शस्त्रसंधी, आणि ६ डिसेंबर १९२१ला लंडनमध्ये तह.

हा तह घरं फोडून गेला. प्रजासत्ताक नाही, साम्राज्यातलं स्वराज्य, आणि लोकप्रतिनिधींनी राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची. ७ जानेवारी १९२२ला डॉलने तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला. लढ्यातले दोन नेते फुटले: मायकल कॉलिन्स तहाच्या बाजूला, डी व्हॅलेरा विरोधात. २८ जूनला नव्या सरकारच्या सैन्याने ब्रिटिशांकडून घेतलेल्या तोफांनी फोर कोर्ट्स इमारतीत शिरून बसलेल्या आपल्याच जुन्या साथीदारांवर मारा केला. दोन दिवसांत शेजारचा दफ्तरखाना उडाला आणि शतकानुशतकांचे कागद राख होऊन शहरावर उडाले. ऑगस्टमध्ये कॉलिन्स त्याच्याच कॉर्क परगण्यात मारला गेला, वय एकतीस. नव्या सरकारने पाऊणशेहून जास्त कैद्यांना देहदंड दिला, ब्रिटिशांनी आधीच्या लढ्यात दिला त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून किल्मेनमला गेलात की दगडफोडीच्या आवारात दोन क्रॉस बघा. आतल्या टोकाच्या क्रॉसजवळ बाकीच्यांना मारलं. कॉनलीला तिथवर नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्याचा क्रॉस फाटकाशी. तिथे सगळे गहिवरतात. मग मार्गदर्शकाला नोव्हेंबर १९२२बद्दल विचारा. त्याच तुरुंगात आयरिश सरकारने चार आयरिश तरुणांना गोळ्या घातल्या. यादवीतले पहिले देहदंड ते. आणि यादवीनंतर १९२४ला तिथून सुटलेला शेवटचा कैदी डी व्हॅलेरा, जो पुढे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झाला.

एक गोष्ट तुम्हाला शिक्षिका म्हणून नक्की खटकेल. त्या तहावरच्या चर्चेत फाळणीवर फार थोडं बोलणं झालं, सगळा जोर शपथेवर. उत्तरेचे सहा परगणे तर १९२०च्या कायद्याने आधीच वेगळे काढले होते. डॉलमधली ती भाषणं संसदेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मला विचाराल तर निघण्यापूर्वी कोणत्याही पुस्तकाआधी तीच वाचा.

सह्यकडा

यादवीबद्दल गलबत म्हणतात ते पटलं. पण उत्तर आयर्लंड समजायचं तर तीनशे वर्षं मागे जावंच लागेल, नाहीतर बेलफास्टला फक्त भिंती दिसतील. १६०७ला अल्स्टरचे गेलिक सरदार देश सोडून गेले आणि १६०९पासून त्यांच्या जमिनींवर स्कॉटलंड-इंग्लंडचे प्रोटेस्टंट वसवले. १६४९ला क्रॉमवेल आला, ड्रॉहेडात कत्तल झाली. १६९०ला बॉइनची लढाई, प्रोटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सला हरवलं. १६४१ला निम्म्याहून अधिक जमीन कॅथलिकांकडे होती, १७०३पर्यंत सुमारे १४ टक्के उरली. झगडा धर्माचा वाटतो, पण मुळाशी सातबारा आहे.

बॉइनचं रणमैदान ड्रॉहेडाजवळ ओल्डब्रिजला आहे, डब्लिनहून सकाळी जाऊन दुपारी परत. जुनी हवेली, तिच्यात प्रदर्शन, फार चढउतार नाही. काकांना जमेल. मात्र १७९८सुद्धा विसरू नका. त्या उठावाचा नेता वुल्फ टोन प्रोटेस्टंट होता आणि कॅथलिकांना बरोबर घेऊन प्रजासत्ताक मागत होता. दोन जमाती कायमच समोरासमोर होत्या, असं कोणी सांगितलं तर हे वर्ष त्यांच्यापुढे ठेवा.

कर्लीकाठ

मालवणकर म्हणून राहवत नाही. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या वडिलांचं घराणं आमच्या तालुक्यातल्या वराडचं. ते ज्या पक्षाचे नेते होते तो फिन गेल, तहाच्या बाजूच्यांचा वारस. डी व्हॅलेराचा पक्ष फिना फॉल. हे दोन पक्ष जवळजवळ शंभर वर्षं एकमेकांविरुद्ध लढले आणि २०२०ला पहिल्यांदा एका सरकारात आले, पंतप्रधानपद वाटून घेतलं. डिसेंबर २०२२ला ती पाळी वराडकरांची आली. २०१९च्या शेवटी ते गावात आले होते, तेव्हाचा आनंद आजही गावकरी सांगतात.

कॉर्कवासी

दुष्काळाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? १९१६च्या रागाची मुळं त्यात आहेत. १८४१ला लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती, १८५१ला सुमारे ६५ लाख. दहा लाख मेले, दहा लाखांहून जास्त परदेशी गेले. बटाट्यावर करपा पडला ही निसर्गाची करणी, पण धान्य-जनावरं बंदरांतून बाहेर जात राहिली ही नव्हे. १८४७च्या कायद्यात एक कलम होतं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाही. म्हणजे पेज हवी तर आधी जमीन सोड. मदतीची सूत्रं ज्याच्या हातात होती तो चार्ल्स ट्रेव्हेल्यन पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. १८७६चा दख्खनचा दुष्काळ ज्यांनी शिकवलाय त्यांना ही राज्यकर्त्यांची विचारसरणी लगेच ओळखू येईल.

पाहायला रॉसकॉमनमधलं स्ट्रोक्सटाउन, गाडीनेच जा. जमीनदाराची हवेली, तिच्यात सापडलेले कुळांचे अर्ज आणि त्याच आवारात दुष्काळाचं संग्रहालय. तिथला जमीनदार डेनिस मेहन याने १८४७च्या मे महिन्यात १,४९० कुळांना जहाजाने कॅनडाला धाडलं. ती माणसं आधी कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली. नोव्हेंबरमध्ये मेहनचा खून झाला. त्या १६५ किलोमीटरच्या वाटेवर जागोजागी लहान मुलांचे कांस्याचे बूट बसवले आहेत, लेस बांधलेले. मी अख्खी वाट चाललो नाही, तुम्हीही चालू नका, पण डब्लिनमध्ये कालव्याच्या काठी एखादी जोडी गाठून बघा.

वाचनवेल

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! भाषणं वाचायला घेतली. सह्यकडा, सातबाऱ्याचं अगदी पटलं. टिळकांची होमरूल लीग बेळगावात २८ एप्रिल १९१६ला स्थापन झाली, म्हणजे डब्लिनचं पोस्ट ऑफिस जळत होतं त्याच दिवसांत. वर्गात हे कधी सांगितलं गेलं नाही. साध्या माणसांच्या तोंडून आलेलं काही मिळेल का? आणि उत्तरेबद्दल कोणीतरी सांगा.

दफ्तरी

मिळेल, भरपूर. आयरिश सरकारने १९४७ ते १९५७ या काळात लढ्यातल्या स्त्रीपुरुषांच्या साक्षी नोंदवल्या, १,७७३ आहेत. सगळ्यांच्या हयातीत कपाट बंद ठेवलं, २००३ला उघडलं, आता सगळं ऑनलाइन फुकट. ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरी म्हणून शोधा. निरोप पोचवणाऱ्या बायकांच्या साक्षींपासून सुरुवात करा, त्यांत स्वयंपाकघरातली पिस्तुलं आणि झडती घेणारे शिपाई थेट दिसतात. यादवीचा विषय आला की पुष्कळजण गप्प होतात, तेही लक्षात येईल. १९०१ आणि १९११ची जनगणनाही घरटी पाहता येते. १९२२ला जळालेल्या दफ्तराची जगभरच्या नकलांवरून जुळणी चालू आहे, तीही ऑनलाइन आहे. उत्तरेसाठी अल्स्टर विद्यापीठाचा केन नावाचा संग्रह: १९६९नंतरच्या हिंसाचारातल्या मृत्यूंची तारीखवार यादी, नाव, वय, कोणी मारलं. एकूण साडेतीन हजारांच्या आसपास. थोडी थोडी वाचा, एका दमात झेपत नाही.

लिफीकाठ

उत्तरेला जरूर जा, सुरक्षित आहे. कॉनली स्टेशनवरून बेलफास्टची रेल्वे साधारण दोन तासांत पोचवते. तिथे काळ्या टॅक्सीतून फिरवणारे असतात, गुडघ्यांना तेच बरं. फक्त कॅथलिकांची फॉल्स आणि प्रोटेस्टंटांची शँकिल या दोन्ही वस्त्या दाखवायला सांगा. काही फेऱ्यांत एका बाजूचा माजी कैदी फॉल्स दाखवतो आणि पुढे दुसऱ्या बाजूचा शँकिलवर ताबा घेतो. दोघांचं ऐका, लगेच निकाल देऊ नका. मधली भिंत १९६९पासूनची आहे, तिची काही दारं अजून रात्री बंद होतात.

वेळ असेल तर डेरीला एक रात्र राहा. कॅथलिकांची बहुसंख्या असूनही वॉर्ड असे आखले होते की नगरपालिका युनियनिस्टांकडेच, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्यांकडे राहायची. घरं कोणाला द्यायची तेही तेच ठरवायचे. १९६८चे मोर्चे त्यातून निघाले. ३० जानेवारी १९७२ला सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, १३ जण जागीच गेले, एक नंतर. पहिल्या चौकशीने सैनिकांची बाजू घेतली. दुसरी १९९८ला बसली आणि १५ जून २०१०ला तिने मारले गेलेले निर्दोष ठरवले. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. बॉगसाइडमधलं संग्रहालय तिथल्याच लोकांनी उभं केलंय, मृतांच्या घरची माणसं तिथे काम करतात. छोटं आहे, पण दोन तास ठेवा.

डोंगरवाट

ग्लासनेव्हिनची दफनभूमी राहिली. कॉलिन्स आणि डी व्हॅलेरा दोघंही तिथेच आहेत. १९२०ला जालंधर आणि सोलनमध्ये आयर्लंडमधल्या अत्याचारांच्या निषेधार्थ बंड केलेल्या कनॉट रेंजर्स या ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश पलटणीच्या दोन सैनिकांचे अवशेष १९७०ला भारतातून आणून तिथे पुरले. तिसरा जेम्स डेली, त्याला डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. तो त्याच्या गावी आहे.

वाचनवेल

मनःपूर्वक आभार. असं ठरवतेय: आधी ओल्डब्रिज, मग स्ट्रोक्सटाउन लेकीच्या सुट्टीच्या दिवशी, मग किल्मेनम आणि ग्लासनेव्हिन. बेलफास्ट-डेरी शेवटी, परतीच्या आधी, म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. व्हिसाचा अर्ज आज उघडला.

सह्यकडा

ताई, उत्तरेची फेरी जूनमध्येच उरका. ११ जुलैच्या रात्री युनियनिस्ट वस्त्यांत मोठाल्या होळ्या पेटतात आणि १२ला बॉइनच्या विजयाच्या मिरवणुका असतात. रस्ते बंद, दुकानं बंद, टॅक्सीवाले सुट्टीवर. मिरवणूक बघायचीच असेल तर हरकत नाही, पण त्या दिवशी शँकिल आणि फॉल्स निवांत बघणं होणार नाही.