कावळा शिवला नाही म्हणून गयेला जायचं का?

गोदाकाठची लेक: आईला जाऊन महिना झाला. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला तर कावळा काही शिवेना, पाऊण तास आम्ही पायरीवर बसून, मामा हात जोडून म्हणाला "ताई, धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नकोस", तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून बाबांनी धरून ठेवलंय की तिचा जीव अडकलाय, गयेला पिंडदान करायचंच. माझा विरोध आहे. बाबांचे गुडघे गेलेत हे एक, पण कावळ्यावरून माझ्या आईची वासना उरली असं ठरवणं मला सहन होत नाही.

पंचवटीकर: ताई, रामकुंडावर सकाळपासून पिंडच पिंड असतात, कावळ्यांची पोटं भरलेली असतात, ते कशाला येतील? ह्यात तुमच्या आईचा काय संबंध! पैठणला नाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या लोकांना वाढला अशी कथा आपणच सांगतो ना, मग आपल्या घरी वेळ आली की गाडीचं तिकीट का काढतो? तो खर्च एखाद्या मुलीच्या फीला द्या. बाबांना स्पष्ट नाही म्हणा.

सांजवात: स्पष्ट नाही म्हणा हे लिहायला सोपं आहे हो. दहा पिंडांमागची कल्पना माहितीये का? पहिल्या पिंडाने डोकं, मग मान, खांदे असं करत एकेक अवयव आणि दहाव्याने भूक-तहान, असा जिवाला पुढच्या वाटेसाठी देह घडतो अशी श्रद्धा. बाराव्याला सपिंडीकरणात तिचा पिंड आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात, म्हणजे ती एकटी राहत नाही. गया ही कावळ्याची भरपाई नव्हे, आईसाठी वेगळी जागाच आहे, गुजरातमधलं सिद्धपूर, बिंदु सरोवर, त्याला मातृगया म्हणतात. नाशिकहून गयेपेक्षा कितीतरी जवळ.

पंचवटीकर: जवळ आहे म्हणून खरं होतं का? माझा मुद्दा अंतराचा नाहीच. घाबरलेल्या माणसाला अजून एक विधी सांगितला की भीती कमी नाही होत, वाढते. आमच्याकडे आधी दहावा, मग त्र्यंबकला तीन दिवस नारायण नागबली, मग अजून काहीतरी, माझी आजी शेवटपर्यंत आजोबांच्या नावाने दचकायची.

सांजवात: भीती दाखवून विधी करून घेणं वाईटच, तिथे मी तुमच्या बाजूने. पण माझ्या वडिलांचा जीवखडा, म्हणजे गेलेल्याचा जीव मानून जपतात तो दगड, दहा दिवस फडक्यात बांधून ठेवला होता, त्यावर रोज तीळ-पाणी घालायचे. दहाव्याला तो पाण्यात सोडताना हाताला जे हलकं वाटलं ते कुणाच्या फीचे पैसे भरून मला मिळालं नसतं. ती भीती नव्हती.

गोदाकाठची लेक: जीवखड्याचं वाचून रडले, कारण आमचा भावाने सोडला, मला हात लावू दिला नाही. बाबांशी बोलले. सिद्धपूरला जातोय, मी बरोबर, पिंड मी ठेवणार. पंचवटीकर, तुमचंही पटलंय, म्हणून बाबांना निघायच्या आधीच सांगितलं की "वासना अडकली" हा शब्द ह्या घरात पुन्हा कुणी काढायचा नाही. ते हो म्हणाले.