आईला घरात नसलेली माणसं दिसतात – मदत हवी आहे

केतकी_पान: आईला हल्ली खिडकीपाशी फेटेवाली माणसं दिसतात, वीतभर उंचीची. मेंदूचा स्कॅन नॉर्मल. भाऊ म्हणतो मानसोपचारतज्ज्ञाकडे ने. कुणाला अनुभव आहे का? जरा लवकर सांगा.

रानवारा: वय? गोळ्या कोणत्या चालू आहेत? आधी बी-१२ तपासा. माझ्या सासऱ्यांचे भास इंजेक्शनांनीच थांबले.

तुळसवृंदावन: तिन्हीसांजेला दिसतात का? मीठमोहऱ्या ओवाळून टाका, त्यात नुकसान काही नाही.

कवडसा: नुकसान आहे, ताई. घरात खरंच काहीतरी आहे असं त्यांच्या मनात बसेल. केतकी, आईंची नजर कशी आहे? ती माणसं बोलतात का? ती खरी नाहीत हे त्यांना कळतं का?

केतकी_पान: नजर म्हणजे, दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, गेलाय. समोरचा चेहरा दिसत नाही, मान वळवून कडेने बघते. वय ८१. माणसं बोलत नाहीत. "खरं नाही गं, पण फेट्याची जरसुद्धा दिसते," म्हणते.

कवडसा: मग हा चार्ल्स बॉने सिंड्रोम असण्याची दाट शक्यता आहे. या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहिलं. मोतीबिंदूने नजर गेलेली, बुद्धी शाबूत, तरी माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदूतला दृष्टीचा भाग आपणहून चित्रं तयार करतो. म्हणून तर फेट्याची जर इतकी स्पष्ट दिसते. हे वेड नव्हे, हे आईंना आजच सांगा.

रानवारा: सगळं डोळ्यांवर ढकलू नका. लेवी बॉडी डिमेन्शियातही (हा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) माणसं दिसतात. हात थरथरतात का? झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात?

केतकी_पान: नाही. हिशेब अजून तीच बघते.

कवडसा: रानवारांचं बरोबर आहे, न्यूरॉलॉजिस्टचं मत घ्याच. नेत्रतज्ज्ञांनाही सांगा. चित्र दिसलं की दिवा लावा, डोकं न हलवता नजर डावीकडून उजवीकडे फिरवायला सांगा. बऱ्याचदा विरतं.

निळाई: मोतीबिंदूला लेन्स देशी घ्यावी की परदेशी?

कवडसा: त्यासाठी वेगळा धागा काढा.

केतकी_पान: सांगितलं. रडली. भाऊ वृद्धाश्रमात ठेवेल या भीतीने कितीतरी दिवस बोललीच नव्हती. रात्री झिरोचा बल्ब चालेल का?

कवडसा: नको. अंधुक उजेडात जास्त दिसतं. ट्यूबलाइट लावा.