निर्दोष सुटल्यावरही गुन्ह्याची नोंद राहते का, आणि ती कोणाला पाहता येते?

गिरणाकाठ (चाळीसगाव) : २०१७ मध्ये शेताच्या बांधावरून भाऊबंदांत मारामारी झाली आणि फिर्यादीत माझ्या धाकट्या भावाचेही नाव आले. २०२१ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. आता त्याची सरकारी नोकरीसाठी निवड झाली असून साक्षांकन नमुन्यात पूर्वी गुन्हा दाखल झाला होता का, असे विचारले आहे. वडील म्हणतात, सुटका झाली तिथेच नोंद मिटली, ‘नाही’ लिही. मला तसा धीर होत नाही. ही नोंद नेमकी कोठे राहते आणि गावातल्या कोणालाही ती पाहता येते का?

तापीतीर (भुसावळ) : भाऊ, ‘नाही’ लिहू देऊ नका. सुटकेने शिक्षा टळते, नोंद पुसली जात नाही. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, उमेदवाराने अटक, खटला किंवा दोषसिद्धी यांची माहिती खरी द्यावी, लपवू नये. मात्र खरे सांगितल्यावरही त्याचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतो. सुटका कशामुळे झाली, हेही तेथे पाहिले जाते. म्हणून निकालपत्र पूर्ण वाचा.

पांझराकाठ (धुळे) : सगळे गुन्हे एकत्र असलेले आणि कोणीही उघडून पाहावे असे दप्तर आपल्याकडे नाही. पोलीस ठाण्यांना जोडणारी सीसीटीएनएस ही संगणक प्रणाली पोलिसांच्या वापराची आहे. लोकांसाठी खुली असते ती प्रथम खबर, म्हणजे पोलिसांनी नोंदवलेली फिर्याद (एफआयआर) : सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार ती २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते, लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखे संवेदनशील गुन्हे वगळून. खरी उघडी बाजू न्यायालयाची आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जळगाव जिल्हा निवडून पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकले की खटला कोणीही पाहू शकतो, निकाली निघालेलासुद्धा. गावात कोणी तो शोधला, तर त्यात बेकायदा काही नाही. फक्त त्याला सुटकेचा निकालही तेथेच दिसला पाहिजे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. निकालाची प्रमाणित प्रत हवी असल्यास त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात शुल्क भरून अर्ज करावा. आरोपी स्वतः पक्षकार असल्याने त्याला अडचण येऊ नये.

सातपुडा (शहादा) : एक भर घालतो. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्यानेच अर्ज करून घ्यायचा असतो, शेजाऱ्याला दुसऱ्याच्या नावाचा मिळत नाही. माहिती अधिकारातही त्रयस्थाची वैयक्तिक माहिती कलम ८ खाली नाकारली जाऊ शकते.

गिरणाकाठ : सर्वांचे आभार. आमच्या प्रकरणात पुढे तडजोड झाली आणि साक्षीदार फिरले, त्यामुळे निकालात ‘संशयाचा फायदा’ असे शब्द असतील, अशी भीती आता वाटते आहे. सोमवारी भावाला घेऊन नकलेचा अर्ज करतो. नमुन्यात ‘होय’ लिहून गुन्हा क्रमांक, खटला क्रमांक आणि सुटकेची तारीख नोंदवू, आणि वडिलांना ते निकालपत्र मी स्वतः वाचून दाखवीन.