तान बिन्हमधला विमानतळ शहराबाहेर न्यावा का?

उंडगा:
कापडाच्या कामासाठी दोन वर्षं व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीत होतो. तिथली माणसं अजून सायगॉन हे जुनंच नाव घेतात, आणि विमानातल्या सामानाच्या चिठ्ठीवरही त्याचाच एसजीएन हा कोड छापलेला असतो. खोली तान बिन्ह भागात, होआंग होआ थाम बाजारामागच्या गल्लीत. तान सोन न्हात विमानतळ याच भागात. घरमालकीणबाई भाड्याचा आकडा सांगता सांगता थांबायच्या, विमान गेलं की तोच आकडा पुन्हा, थोडा वाढवून.

माझं म्हणणं असं की हा विमानतळ आता तिथून उठवावा. तान बिन्ह म्हणजे जेमतेम २२ चौरस किलोमीटर जागा, २०१९ च्या जनगणनेत वस्ती पावणेपाच लाखांच्या आसपास, आणि त्या जागेतला मोठा तुकडा विमानतळाच्या कुंपणाआड. वर्षाला २ कोटी ८० लाख प्रवाशांसाठी बांधलेल्या ठिकाणी २०१९ मध्ये ४ कोटींच्या वर गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये आणखी २ कोटींसाठी तिसरं टर्मिनल उघडलं. टर्मिनल वाढलं, पण समोरचा त्रुओंग सोन रस्ता कुठे वाढणार? तिकडे दोंग नाय प्रांतात लाँग थान्हला ५,००० हेक्टरवर नवा विमानतळ होतोय, २०२१ च्या जानेवारीपासून काम चालू आहे. सगळं तिकडे न्या आणि ही जमीन शहराला परत द्या. बाग करा, शाळा करा, काहीही करा.

सूतगिरणी:
"काहीही करा" म्हणजे काय होतं हे आपल्याला माहीत नाही का हो? शहराच्या मधोमध एवढी सपाट, मोकळी जमीन सुटली तर तिथे बाग होईल? टॉवर होतील. मग तुमच्या घरमालकीणबाईंचं भाडं विमान न जाताच वाढेल.

शहराच्या मध्यापासून सहा-सात किलोमीटरवर विमानतळ असणं हे वरदान आहे. उतरलात की अर्ध्या-पाऊण तासात बेन थान्ह बाजारात, गर्दीच्या वेळी तास धरा. बँकॉकने हा प्रयोग करून पाहिला. २००६ मध्ये सुवर्णभूमी हा नवा विमानतळ सुरू झाला म्हणून जुन्या डॉन मुआंगची प्रवासी विमानं तिकडे नेली, आणि पुढच्याच वर्षी डॉन मुआंग परत उघडावा लागला. आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला म्हणून सांताक्रूझला कुणी टाळं लावलं नाही.

काकाकुवा:
वाद चालू द्या, एक दुरुस्ती. तान बिन्ह नावाचा जिल्हा आता कागदावर नाही. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने मधली जिल्हा पातळीच काढून टाकली. तान बिन्हचे सहा वॉर्ड झाले, त्यांतल्या एकाचं नाव तान बिन्ह आणि एकाचं तान सोन न्हात. त्याआधी २००३ मध्ये याच जिल्ह्यातून तान फू वेगळा काढला होता. पत्ता सांगताना रिक्षावाल्याला (तिकडे दुचाकीवाल्याला) जुनंच नाव सांगा, नवं सांगितलंत तर तोच तुम्हाला विचारेल.

पानसुपारी:
उंडगा, तुमचं निदान चुकतंय. अडचण विमानतळ शहरात असल्याची नाही, दाटीवाटीची आहे. तिथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत, पण त्यांच्यात अंतर अवघं ३६५ मीटर. एवढ्या जवळच्या पट्ट्यांवर एकाच वेळी दोन विमानं आपापली मोकळेपणाने चढ-उतर करू शकत नाहीत, एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागतं.

आणि जागा नाही असं कोण म्हणतं? कुंपणाला लागून उत्तरेकडे लष्कराच्या जमिनीवर दीडशेहून अधिक हेक्टरचं गोल्फ मैदान आहे. २०१७ मध्ये त्यावरून तिकडे मोठा गदारोळ झाला. विमानं आकाशात घिरट्या घालतायत आणि खाली काठीने चेंडू चाललाय! शेवटी २०१८ मध्ये ठरलं काय? फ्रेंच सल्लागारांच्या शिफारशीप्रमाणे दक्षिणेकडे वाढवायचं. तेच आजचं तिसरं टर्मिनल.

उंडगा:
गोल्फचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ते मैदान घेतलं असतं तरी रस्ते तेच राहिले असते. शिवाय पाणी? २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळच्या पावसात विमानं उभी राहतात त्या आवारातच पाणी भरलं, काही विमानं दुसरीकडे वळवावी लागली. पाणी जायचं ते ए-४१ नावाच्या नाल्यातून, आणि तो दोन्ही बाजूंच्या घरांनी आवळलेला.

सूतगिरणी:
नाला साफ करायचा की विमानतळ हलवायचा? डोकं दुखतं म्हणून मान कापायची, त्यातली गत.

आजोळ:
सगळे जण तान बिन्हला विमानतळाचं अंगण समजून बोलताय, म्हणून राहवलं नाही. तिथली माणसं कोण आहेत तेही बघा. १९५४ मध्ये देशाचे दोन भाग झाल्यावर उत्तरेकडून आलेल्या कॅथलिक लोकांनी ओंग ता भाग वसवला. चर्चवर चर्च, आणि खाणं उत्तरेचं. चांद्र नववर्षाच्या, म्हणजे तेतच्या, आधी तिथे रस्त्यावर दोंग नावाच्या झाडाच्या पानांचा बाजार भरतो. हिरवीगार पानं, जुड्या बांधलेल्या, रात्री दिव्याखालीही विक्री चालू. चिकट भात, मूग आणि डुकराचं मांस त्यात बांधून चौकोनी बान्ह चुंग उकडतात. एक बाई पान उजेडाकडे धरून भोक आहे का बघत होत्या, जुडीतली अर्धी पानं बाजूला काढली आणि विकणाऱ्याने चकार शब्द काढला नाही. आपल्याकडे केळीच्या पानाला असं केलं तर?

पलीकडे बाय हियेनला मध्य व्हिएतनाममधल्या क्वांग नामचे विणकर. एके काळी गल्लीभर मागांचा खडखडाट असायचा, आता फार थोडे उरलेत. आणि लांग चा का चौक. नावाचा अर्थ मोठ्या पाद्र्याची समाधी. १७९९ मध्ये वारलेला फ्रेंच बिशप पिन्यो द बेएन, पुढे सम्राट झालेल्या जा लाँगचा साथीदार, त्याची ती समाधी. १९८३ मध्ये ती हलवली. समाधी नाही, नाव आहे.

आता माझं मत. फ्रेंचांनी १९३० च्या दशकात न्हात गावाशेजारी धावपट्टी केली, अमेरिकनांनी तिचा अवाढव्य लष्करी तळ केला, १९६८ च्या तेत हल्ल्यात कम्युनिस्ट सैनिक त्यावर चालून आले, १९७५ च्या एप्रिलअखेरीस सायगॉन पडताना तिथे पुन्हा तोफा-रॉकेटं पडली. एवढं होऊनही वस्ती हटली नाही. उलट विमानतळाला टेकूनच वाढली. विमानतळ गेला तर ही माणसं टिकतील का, हा माझा प्रश्न. सूतगिरणी म्हणतात तसे टॉवर आले तर पहिली जातील ती दोंगची पानं.

काकाकुवा:
"न्हात गावाशेजारी" नाही, गावाचं पूर्ण नावच तान सोन न्हात होतं. बाकी लेखन झकास.

आजोळ:
बरोबर, घाईत तोडलं.

खारीमुरी:
मी या वादात वेगळ्या बाजूने. माझ्या कंपनीचं निम्मं काम मेकाँग नदीच्या खोऱ्यात, कान थो शहराकडे. नकाशा उघडा. खोरं शहराच्या नैर्ऋत्येला, लाँग थान्ह पूर्वेला साधारण ४० किलोमीटर. म्हणजे खोऱ्यातल्या माणसाला विमान पकडायला सायगॉन ओलांडून पलीकडे जायचं, आणि तो द्रुतगती मार्ग सणासुदीला कसा तुंबतो ते मी बसून अनुभवलंय.

तेतच्या आधी आंतरराष्ट्रीय टर्मिनलबाहेर एकदा तासभर उभं राहा. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या एका माणसासाठी आठ-दहा जणांचं कुटुंब, आजीसाठी घडीची खुर्ची, पोरं झोपलेली, फुलं कोमेजलेली. यांतले बरेच जण खोऱ्यातून रात्रीच निघालेले असतात. यांना म्हणा, आता आणखी ४० किलोमीटर.

उंडगा:
हे मात्र मी पाहिलंय आणि विसरलो होतो. ठीक, अर्धं पाऊल मागे घेतो. लांब पल्ल्याची परदेशी विमानं लाँग थान्हला, देशांतर्गत आणि जवळपासची तान सोन न्हातला. तिसरं टर्मिनल तसंही देशांतर्गतच आहे.

खारीमुरी:
म्हणजे आजीची घडीची खुर्चीच तेवढी हलणार. अमेरिकेची विमानं लांब पल्ल्याचीच असतात ना?

पानसुपारी:
आणि गोल्फ मैदान तुमच्या दोन्ही प्रस्तावांत जागच्या जागी. अभिनंदन.

रातराणी२:
वादात पडत नाही. जानेवारीअखेर जातेय. तान बिन्ह बाजारात सुती कापड मीटरवर सुटं देतात का, की ताग्यानेच घ्यावं लागतं?

उंडगा:
काही गाळे सुटं देतात, सकाळी लवकर जा. घाऊकवाल्यांकडे मीटरभर मागितलंत तर तोंड फिरवतात, मनाला लावून घेऊ नका. आणि तेतच्या आठवड्यात जाऊ नका, अर्धे गाळे बंद असतात.