कोकणातल्या रस्त्यांवरची सायकल : आपापले अनुभव लिहा

खाडीकाठ
गुहागरहून वेळणेश्वरकडे जाताना परवा चढावर एक शाळकरी मुलगी दिसली. मागून चिऱ्यांनी भरलेला ट्रक येत होता आणि ती सायकल घेऊन गवतात उतरून उभी राहिली होती. आमच्या लहानपणी याच भागातली मुले हाफ पायडल शिकून थेट शाळेचा रस्ता धरत, कारण डांबर आणि साइडपट्टी एकाच पातळीत असे. आता जुन्या डांबरावर नवा थर चढतो, बाजूचा मुरूम पहिल्याच पावसात वाहून जातो आणि कडेला वीतभर पायरी तयार होते. त्या पायरीवरून चाक एकदा खाली घसरले की वर घेताना ते कडेला घासत राहते आणि तोल जाऊन माणूस रस्त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे नेमका गाडीपुढे पडतो. साइडपट्टी पुन्हा डांबराच्या पातळीला आणायला हवी, पण रुंदीकरणाची चर्चा सगळीकडे होते, या कडेची कोणी करत नाही, म्हणून हा धागा काढला आहे. आपापल्या गावचे अनुभव अवश्य लिहा.

अष्टागरी
आमच्या अलिबाग, चौल, रेवदंडा पट्ट्यात चढ जवळजवळ नाहीतच, त्यामुळे भाजी, दूध, शाळा, सगळे सायकलवर चालत असे. रस्ता मात्र दोन्ही बाजूंच्या वाड्यांमधून जातो. गडगे (दगडी कुंपणे) आणि विहिरी रस्त्याला इतक्या लागून आहेत की साइडपट्टी करायची झाली तर कोणाच्या तरी पोफळी तोडाव्या लागतील. २०२० साली मुंबईहून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून शनिवार-रविवारी येणाऱ्या मोटारी वाढल्या आहेत. त्यामुळे खाडीकाठ, तुमचा उपाय आमच्याकडे लागू पडणार नाही. इथे वेगच कमी करावा लागेल. जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात, तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. वस्तीतल्या रस्त्यावर ती पाळली, तर रुंदी न वाढवताही सायकलला जागा मिळते.

घाटमाथा
चढावर सायकल माणसाच्या चालीने जाते आणि जोर लावताना थोडी डावी-उजवीकडे हलते. उतारावर तीच सायकल मोटारीच्या जवळपास वेगाने धावते. म्हणून एकाच बाजूला पक्की साइडपट्टी करण्याइतके पैसे असतील, तर ती चढाच्या बाजूला करावी.

माडाखाली
घाटमाथा यांचे म्हणणे पूर्ण पटले. माझे वडील वेंगुर्ल्याच्या आसपासच्या वाड्यांवर सायकलने पाव पोचवायचे आणि पहाटेच्या अंधारात निघायचे. डायनॅमोचा दिवा चाकाच्या वेगावर चालतो, त्यामुळे चढावर, जिथे मागच्या गाडीला सायकल दिसणे सर्वांत गरजेचे, तिथेच तो मंद व्हायचा आणि थांबले की विझायचा. आईने करिअरवरच्या टोपलीला पांढरे फडके बांधून दिले होते. आज बॅटरीचा लाल दिवा सहज मिळतो. पहाटे निघणाऱ्या प्रत्येक माणसाच्या सायकलला तो असावा, असे मला मनापासून वाटते.

अनामिका_दापोली
ताई, पांढऱ्या फडक्याचे वाचून डोळे भरून आले.
माझा मुलगा नेदरलँड्सला डेल्फ्ट येथे शिकतो, त्याच्याकडे राहून आले. तिथले रस्ते पहिल्यापासून सायकलचे असतील, असा माझा समज होता. प्रत्यक्षात १९७१ साली त्या देशात रस्ते अपघातांत ३००० हून अधिक माणसे गेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यानंतर आईवडील मुलांसह रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलटंचाईची भर पडली आणि मगच सरकारचे धोरण बदलले.

तरीतून
मी मुंबईहून गोव्यापर्यंत किनाऱ्याने सायकलने गेलो आहे. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडता येतात, त्यामुळे महामार्गावर जावे लागत नाही. बोट धक्क्याला लागली की सगळ्या मोटारी एकदम सुटतात. त्या पुढे जाऊ द्याव्यात, पाणी प्यावे, आणि मग निघावे; पुढची बोट येईपर्यंत रस्ता जवळजवळ मोकळा मिळतो. रेवस-रेड्डी सागरी मार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल योजलेले आहेत. त्यांच्या आराखड्यातच पादचारी आणि सायकलसाठी वेगळी, कठडा असलेली पट्टी हवी, कारण पूल उभा राहिल्यावर तो सहज रुंद करता येत नाही. ही मागणी आत्ताच करायला हवी.

माडाखाली
पण मागणी करायची कोणाकडे? आमच्या वाडीच्या रस्त्यासाठी अर्ज दिला, तेव्हा तो रस्ता आपल्याकडे नसल्याचे सांगून अर्ज परत पाठवला गेला.

खाडीकाठ
रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा वरचा भाग पाहा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग आणि केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. राज्य महामार्ग सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि ग्रामीण रस्ता जिल्हा परिषदेकडे असतो. अर्जात किलोमीटर क्रमांक लिहा, कडेच्या पायरीवर मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. मुरूम दाबून साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणण्याचे काम पावसाआधी व्हायला हवे, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच द्यावा. मसुदा हवा असेल तर मी इथेच लिहून देईन.